हार्वर्डमध्ये न मिळणारे ४.३३

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एखाद्या विद्यार्थिनीने एखाद्या विषयात कमाल केली, तर प्राध्यापक तिला ‘ए प्लस’ देऊ शकतात. हार्वर्ड आणि येलच्या पदवी महाविद्यालयांत मात्र ए प्लस ही ग्रेडच नाही. तिथे ‘ए’च्या वर काही नसतं. कोणी काय द्यावं हा ज्या त्या विद्यापीठाचा प्रश्न. पण हीच मुलं पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज करतात, तेव्हा सगळ्यांच्या गुणपत्रिका पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यूटाउन नावाच्या गावी जातात आणि तिथे हिशेब नव्याने मांडला जातो. ए म्हणजे ४.००, ए प्लस म्हणजे ४.३३. कॉर्नेलची मुलगी कागदावर चारच्या पुढे जाऊ शकते. हार्वर्डच्या मुलाने चार वर्षं प्रत्येक विषयात सर्वोच्च ग्रेड मिळवली, तरी त्याचा आकडा ४.०० वर थांबतो.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो, आणि पुढचा सगळा शोध त्या थक्क होण्यातूनच सुरू झाला. पदवीचं कॉलेज कुठलं, याने अमेरिकेतल्या अव्वल लॉ स्कूलचा प्रवेश किती ठरतो? न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हा प्रश्न दर वसंतात जेवणाच्या टेबलावर येतो, कारण बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. राज्याच्या विद्यापीठात कमी खर्चात शिकायचं, की कर्ज काढून नाव असलेल्या कॉलेजात जायचं? बारावीतल्या मुलीला वकील व्हायचं असेल, तर हे उत्तर तिच्यासाठी फार मोठं असतं. या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे एक आकडा बनवणारी संस्था आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक भांडण आहे आणि अर्थशास्त्रज्ञांनी लढवलेली एक विलक्षण युक्ती आहे.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी एक फरक. भारतात बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घेता येतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे आधी चार वर्षांची पदवी, कुठल्याही विषयातली, आणि मग तीन वर्षांचं लॉ स्कूल, ज्याच्या शेवटी ‘जे.डी.’ मिळते. संगीत शिका, भूगर्भशास्त्र शिका, लॅटिन शिका. अमेरिकन बार असोसिएशन एकाही विषयाची सक्ती करत नाही. देशात या असोसिएशनची मान्यता असलेली लॉ स्कूल दोनशेच्या आसपास आहेत, पण बोलणं बहुतेक वेळा वरच्या चौदांबद्दलच चालतं. त्यांना अर्जदारांच्या बोलीत ‘टी-फोर्टीन’ म्हणतात. येलच्या एका वर्षाच्या वर्गात साधारण दोनशे मुलं असतात, हार्वर्डच्या वर्गात साडेपाचशेच्या वर. अर्ज हजारोंनी येतात, शेकडो कॉलेजांतून, शेकडो विषयांतून. त्यांची तुलना करायची कशी?

या अडचणीतूनच न्यूटाउनची व्यवस्था जन्माला आली. १९४५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या प्रवेशाची जबाबदारी सांभाळणाऱ्या फ्रँक बोल्स यांनी सुचवलं, की कायद्याच्या प्रवेशासाठी सगळ्यांना एकच परीक्षा असावी. फेब्रुवारी १९४८ मध्ये ‘एलसॅट’ पहिल्यांदा झाली. आज तिचे गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात. तिच्यात कायद्याचा एकही प्रश्न नसतो. युक्तिवादातली फट ओळखणं आणि अवघड उतारा नेमका समजून घेणं, एवढंच. ऑगस्ट २०२४ पर्यंत तिच्यात कोड्यांचाही एक विभाग होता. परीक्षा घेणारी ‘लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल’, म्हणजे एलसॅक, आणखी एक काम करते, आणि आपल्या प्रश्नाचं मर्म त्या कामात आहे. अर्जदाराने आजवर ज्या ज्या कॉलेजात एखादा तरी कोर्स केला, त्या प्रत्येकाची ट्रान्सक्रिप्ट ती मागवते आणि एका समान पट्टीवर नवा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढते.

या हिशेबाचे नियम वाचताना मला एकीकडे त्यांच्या काटेकोरपणाचं आश्चर्य वाटतं आणि दुसरीकडे काही मुलांसाठी जीव कळवळतो. पहिली पदवी मिळेपर्यंतचं सगळं मोजलं जातं. अमेरिकेत अनेक हायस्कूलची मुलं शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स करतात. फी वाचते, क्रेडिट मिळतं. सोळाव्या वर्षी रसायनशास्त्रात मिळालेला ‘सी’ बाविसाव्या वर्षी लॉ स्कूलच्या अर्जात हजर होतो. नापास झालेला विषय पुन्हा दिला आणि कॉलेजने जुनी ग्रेड आपल्या सरासरीतून काढून टाकली, तरी ती ट्रान्सक्रिप्टवर दिसत असेल तर एलसॅक दोन्ही धरते. उलट पदवीनंतर एखाद्याने एम.ए. केलं आणि तिथे अप्रतिम ग्रेड मिळवल्या, तर त्या या आकड्यात येतच नाहीत. घरात आधी कोणी वकील झालेलं असेल, तर हे नियम त्या मुलाला पंधराव्या वर्षी कळतात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ते अर्ज भरताना कळतात, आणि तेव्हा काही करता येत नाही. कॉलेजच्या नावाबद्दल लोक इतकं बोलतात. या नियमांबद्दलही तेवढंच बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर या पट्टीवर कॉलेजचं नाव पुसलं गेलेलं असतं. हार्वर्डचा ३.८ आणि एखाद्या छोट्या राज्य विद्यापीठाचा ३.८, दोन्ही ३.८. पण त्याच अहवालात पुढे काय असतं ते बघा. ज्या कॉलेजातून पुरेसे अर्जदार येतात, त्या कॉलेजसाठी एलसॅक आणखी काही आकडे देते. या मुलीचा जीपीए तिच्याच कॉलेजातून लॉ स्कूलला अर्ज करणाऱ्यांमध्ये कितव्या पर्सेंटाइलला आहे? त्या कॉलेजच्या अर्जदारांचा सरासरी जीपीए किती? आणि त्यांची एलसॅटची सरासरी किती? आकड्यातून पुसलेलं कॉलेज असं संदर्भ म्हणून परत येतं. ३.६ मिळवणारी मुलगी एखाद्या कॉलेजात अर्जदारांच्या वरच्या दहा टक्क्यांत असू शकते, आणि दुसऱ्या कॉलेजात तेच ३.६ मध्याच्याही खाली असू शकतात. प्रवेश समितीच्या सदस्याला हे सगळं एकाच कागदावर दिसतं. न्याय करण्याचा इतका बारकाईचा प्रयत्न एका रूक्ष अहवालात दडलेला असतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग अडचण कुठे येते? अडचण येते ती मध्यकापाशी. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियम ५०९ नुसार प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी आपल्या नव्या वर्गाचे आकडे जाहीर करावे लागतात: एलसॅट आणि जीपीए यांचा मध्यक, शिवाय २५ वा आणि ७५ वा पर्सेंटाइल. मध्यक म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं केलं की बरोबर मधोमध येणारा आकडा. अव्वल शाळांत हा मध्यक जीपीएसाठी ३.९ च्या पुढे आणि एलसॅटसाठी १७० च्या बराच वर असतो. मध्यकाचा स्वभाव असा, की खाली असणारा किती खाली आहे याने त्याला काडीचा फरक पडत नाही. मध्यक ३.९ ठेवायचा असेल, तर ३.८८ वाला आणि ३.४ वाला त्याच्या दृष्टीने सारखेच. म्हणूनच ज्याचा जीपीए कमी पण एलसॅट उत्तम आहे, अशा मुलाला शाळा आनंदाने घेऊ शकते; त्याला अर्जदारांच्या भाषेत ‘स्प्लिटर’ म्हणतात, आणि उलट असेल तर ‘रिव्हर्स स्प्लिटर’.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. प्रवेश समितीच्या हातातल्या अहवालात कॉलेजचा संदर्भ आहे. जगाला जाहीर होणाऱ्या मध्यकात तो नाही. कठोर ग्रेड देणाऱ्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकून ३.५ मिळवणारी मुलगी किती हुशार आहे हे समितीला नीट समजतं, पण तिला घेतलं की तिचे ३.५ संदर्भाविना मध्यकाच्या खाली जाऊन बसतात. हा मध्यक वर्षानुवर्षं ‘यू.एस. न्यूज’ने काढलेल्या लॉ स्कूलांच्या क्रमवारीत धरला जात होता. एलसॅट आणि जीपीए मिळून क्रमवारीच्या सुमारे एक पंचमांश गुण ठरवत. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल लॉ स्कूलने या क्रमवारीला माहिती पुरवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्याच दिवशी हार्वर्डनेही तेच केलं, आणि पाठोपाठ इतर शाळा आल्या. २०२३ च्या क्रमवारीत एलसॅटचं वजन ५ टक्के आणि जीपीएचं ४ टक्क्यांवर आलं. तरीही आकडे दरवर्षी जाहीर होतातच आणि अर्जदार ते पाठ करतात. मध्यकांची ओढ काही गेलेली नाही.

कॉलेजच्या नावाला थेट वजन द्यावं, असं कधी कोणी केलं का? केलं, आणि तेही दोनदा, शंभर वर्षांच्या अंतराने.

पहिली गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. हार्वर्ड लॉ स्कूल १८१७ मध्ये सुरू झालं, पण बराच काळ तिथे पदवीशिवायही प्रवेश मिळत असे. क्रिस्तोफर कोलंबस लँगडेल डीन झाल्यानंतर शाळा कडक होत गेली, आणि १८९३ मध्ये एक यादी निघाली: या या कॉलेजांची पदवी असेल तर प्रवेशपरीक्षा द्यायची गरज नाही. त्या पहिल्या यादीत एकही कॅथलिक कॉलेज नव्हतं. जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्ष हेव्हन्स रिचर्ड्स यांनी निषेध केला, तेव्हा काही नावं वाढली. थोड्याच वर्षांत त्यांतली बॉस्टन कॉलेज आणि होली क्रॉस ही दोन पुन्हा गळली. ही कॉलेजं चालवणारे जेझुइट संघाचे कॅथलिक पाद्री आणि हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांच्यात १९०० च्या सुमारास जाहीर वाद झाला. जेझुइट कॉलेजांचा अभ्यासक्रम जुनाट आहे, असं इलियट यांचं म्हणणं होतं. आमच्या मुलांना त्यांच्या पदवीवरून नव्हे, त्यांच्या धर्मावरून मागे ठेवलं जातंय, असं कॅथलिकांना वाटत होतं. कोणत्या कॉलेजात शिकलात याने लॉ स्कूलचा प्रवेश ठरतो, हे वाक्य तेव्हा अक्षरशः खरं होतं. छापील यादीच होती.

त्या यादीतून गळलेल्या होली क्रॉसचा एक पदवीधर १९७१ मध्ये तिथून बाहेर पडला आणि येल लॉ स्कूलला गेला. क्लॅरेन्स थॉमस हे त्यांचं नाव. १९९१ पासून ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आहेत.

दुसरी गोष्ट १९९७ ची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या लॉ स्कूलचं तेव्हाचं नाव बोल्ट हॉल. अर्जदारांच्या जीपीएमध्ये त्यांच्या कॉलेजनुसार फेरफार करणारं एक सूत्र ही शाळा वापरत असल्याचं त्या वर्षी वृत्तपत्रांतून बाहेर आलं. त्या कॉलेजच्या मुलांची एलसॅट कशी जाते आणि तिथे ग्रेड किती सढळ हाताने दिल्या जातात, यावरून प्रत्येक कॉलेजला एक अंक होता. स्वार्थमोर, विल्यम्स यांसारखी छोटी आणि कठोर कॉलेजं सर्वांत वर होती. त्याच राज्याच्या पैशाने चालणाऱ्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांतली मुलं खूप खाली होती, म्हणजे त्यांनी मिळवलेला चांगला जीपीए सूत्रातून जाताना घटत असे. सूत्राच्या बाजूने बोलणारे म्हणत, की कठीण ठिकाणी शिकलेल्याला न्याय मिळायला हवा. टीकाकारांचं म्हणणं होतं, की घरची परिस्थिती नसल्यामुळे जवळच्या स्वस्त विद्यापीठात गेलेल्या मुलीला तुम्ही तिच्या परिस्थितीची शिक्षा देताय. वंशाचा विचार करायला राज्यात बंदी आल्यानंतरचं हे पहिलं वर्ष होतं, आणि त्या शरद ऋतूत बोल्ट हॉलच्या पहिल्या वर्षाच्या संपूर्ण वर्गात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. टीका वाढली आणि शाळेने ते सूत्र सोडून दिलं. मला दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं, पण सूत्र गेलं ते बरं झालं असं वाटतं. संदर्भ पाहणारा माणूस आपली चूक सुधारू शकतो. सूत्र तीच चूक प्रत्येक अर्जावर करत राहतं.

अर्थात माणसाचा न्यायही आपल्याला वाटतो तितका सरळ नसतो. डॉन मूर, सॅम्युएल स्विफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणाच्या प्रवेशांबद्दल होता, पण इथे त्याची आठवण काढायलाच हवी. अनुभवी प्रवेश अधिकाऱ्यांपुढे अर्जदार ठेवले, सोबत त्यांच्या कॉलेजात सरासरी ग्रेड किती असते हेही स्पष्ट लिहून दिलं. तरीही, जिथे सगळ्यांनाच सढळ ग्रेड मिळतात अशा कॉलेजांतून आलेल्यांना अधिकाऱ्यांनी झुकतं माप दिलं. माहिती समोर होती, ती वाचलीही होती, पण मनाने उंच आकड्याचं श्रेय कॉलेजच्या उदारपणाला न देता मुलाच्या गुणवत्तेला दिलं. एलसॅकने पर्सेंटाइलचा रकाना इतक्या मेहनतीने दिला आहे, आणि तो वाचणारं मन मात्र असं चालतं.

म्हणूनच कुठल्या कॉलेजात ग्रेड कशा दिल्या जातात, ही बाब नावाइतकीच महत्त्वाची ठरते. आणि इथे सामान्य समज उलटा पडतो. लोकांना वाटतं, मोठ्या नावाच्या कॉलेजात ग्रेड मिळवणं महाकठीण. हार्वर्डच्या पदवी शिक्षणाच्या डीनने २०१३ मध्ये प्राध्यापकांच्या सभेत सांगितलं, की तिथली मध्यक ग्रेड ‘ए मायनस’ आहे आणि सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी ग्रेड ‘ए’. येलमध्ये २०२२-२३ मध्ये दिलेल्या ग्रेडपैकी जवळजवळ ७९ टक्के ए किंवा ए मायनस होत्या. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ गटातल्या ग्रेड ३५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचं धोरण आणलं. इतर कोणी त्यांच्या मागे आलं नाही, विद्यार्थ्यांमध्ये अस्वस्थता वाढली आणि २०१४ मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. ओरेगनमधलं रीड कॉलेज अजूनही हात आखडून ग्रेड देतं. तिथे सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना ग्रेड आपणहून कळवल्याही जात नाहीत, प्राध्यापकांचे लेखी अभिप्राय मिळतात. शिकण्यासाठी ही किती सुंदर रीत आहे! पण रीडच्या मुलीचा ३.४ मध्यकाच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्या अभिप्रायांतला एक शब्दही तिथे पोहोचत नाही.

आता मूळ प्रश्न. येलच्या लॉ स्कूलमध्ये येल आणि हार्वर्डमधूनच पदवी घेतलेली मुलं खूप दिसतात, हे खरं आहे. पण त्यावरून कॉलेजने त्यांना तिथे पोहोचवलं असं म्हणता येतं का? जी मुलं अठराव्या वर्षी हार्वर्डमध्ये निवडली गेली ती परीक्षांत आधीपासूनच तरबेज होती. ती कुठेही शिकली असती तरी त्यांची एलसॅट उत्तमच गेली असती. मुलाचा परिणाम आणि कॉलेजचा परिणाम वेगळा काढायचा कसा? एकच मुलगी एकाच वेळी दोन कॉलेजांत शिकू शकत नाही.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक वाट काढली. त्यांनी १९७६ मध्ये कॉलेजात गेलेली मुलं घेतली, आणि सारख्याच कॉलेजांत अर्ज करून सारखाच होकार मिळालेल्या मुलांची आपसांत तुलना केली. काही निवडक कॉलेजात गेली, काहींनी होकार असूनही दुसरीकडे जाणं पसंत केलं. पुढच्या आयुष्यातल्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. ज्या मुलीत हार्वर्डचा होकार मिळवण्याची ताकद आहे, ती ताकद ती सोबत घेऊन जाते. अपवाद होता गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना निवडक कॉलेजचा खरोखर फायदा झाला. नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही हेच दिसलं. मला ही तळटीप वाटत नाही. त्या संशोधनाचं काळीजच इथे आहे असं वाटतं.

त्यानंतर २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला आणि चित्रात एक नवाच पदर उलगडला. त्यांनी ‘आयव्ही-प्लस’ म्हणून बारा कॉलेजं घेतली: आयव्ही लीगची आठ, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो. त्यांनी पाहिली ती प्रतीक्षायादीतली मुलं. प्रतीक्षायादीतून कोणाला आत घ्यायचं हे बऱ्याचदा अशा गोष्टींवर ठरतं ज्यांचा मुलाच्या हुशारीशी संबंध नसतो. त्या वर्षी वाद्यवृंदाला ओबो वाजवणारं कोणी हवं असेल, तर तेवढ्याने फरक पडतो. एका कॉलेजच्या प्रतीक्षायादीतून आत गेलेल्या मुलाला बाकीच्या आयव्ही-प्लस कॉलेजांत होकार मिळण्याची शक्यता न गेलेल्यांपेक्षा जास्त नसते, हेही त्यांनी तपासलं. म्हणजे आत गेलेली आणि बाहेर राहिलेली मुलं जवळजवळ सारखी, फरक नशिबाचा. निसर्गाने आपणहून मांडलेला हा प्रयोग संशोधकांना ओळखू आला, हेच मला अद्भुत वाटतं.

निकाल असा: उत्तम राज्य विद्यापीठाऐवजी आयव्ही-प्लसमध्ये गेल्याने सरासरी कमाईत मोठा फरक पडला नाही. डेल आणि क्रूगर बरोबरच होते. पण कमाईत देशातल्या वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली, नामांकित फर्ममध्ये नोकरी मिळण्याची तिप्पट, आणि अव्वल पदव्युत्तर संस्थेत शिकायला मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट. या पदव्युत्तर संस्थांत फक्त लॉ स्कूल नाहीत, पण लॉ स्कूल त्यांत नक्कीच आहेत. सरासरी शांत राहते आणि टोक हलतं. म्हणूनच ‘कॉलेजने काही फरक पडत नाही’ म्हणणारी मावशी आणि ‘फरक पडतोच’ म्हणणारा काका, दोघांचंही आपापल्या जागी खरं असू शकतं. याच अभ्यासात असंही दिसलं, की प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात या कॉलेजांत जातात. म्हणजे ज्या दारातून पुढचं दार उघडतं, ते पहिलं दारही सगळ्यांना सारखं उघडं नाही.

एलसॅकचा आकडा तर कॉलेजचं नाव पुसतो. मग ही दुप्पट येते कुठून? माझ्या मते बराचसा भाग माहितीतून आणि सहवासातून येतो. हार्वर्डच्या वसतिगृहांत, ज्यांना ते ‘हाउस’ म्हणतात, कायद्याच्या अर्जांसाठी मार्गदर्शन करणारे ट्यूटर असतात. एलसॅट कधी द्यावी, शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं, निबंधात काय लिहू नये, हे तिथे रात्रीच्या जेवणाला सहज कळतं. छोट्या वर्गात प्राध्यापक मुलीला नावाने ओळखतात आणि तिच्याबद्दल नेमकं लिहू शकतात. पाचशे जणांच्या व्याख्यानात बसलेल्या मुलीला असं पत्र मिळवण्यासाठी स्वतःहून धडपडावं लागतं. आणि आजूबाजूचे सगळे मोठ्या लॉ स्कूलला अर्ज करत असले, की आपणही करावा हे मनात यायला वेगळं धाडस लागत नाही. हार्वर्ड लॉ स्कूलने पदवीच्या तिसऱ्या वर्षातच अर्ज करून नंतर यायची सोय काढली, तेव्हा ती आधी फक्त हार्वर्डच्याच पदवी विद्यार्थ्यांसाठी होती; २०१७ मध्ये ती सगळ्या कॉलेजांना खुली झाली. अशा लहानलहान गोष्टींची बेरीज मोठी होते. त्यांतल्या बऱ्याच कुठल्याही कॉलेजला देता येतील, फार पैसे न लागता, आणि याच गोष्टीने मला सर्वांत जास्त उमेद वाटते.

माणसांकडे पाहिलं की दोन्ही चित्रं दिसतात. आजच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायमूर्तींपैकी सात जणांची पदवी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन किंवा कोलंबियाची आहे. उरलेले दोन: होली क्रॉसचे थॉमस, आणि मेम्फिसमधल्या छोट्या ऱ्होड्स कॉलेजच्या एमी कोनी बॅरेट, ज्या पुढे नोटर डेम लॉ स्कूलला गेल्या. बराक ओबामा लॉस एंजलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षं शिकून कोलंबियात गेले आणि काही वर्षं काम करून मग हार्वर्ड लॉ स्कूलला. राजकारणी जे. डी. व्हान्स ओहायो स्टेट या राज्य विद्यापीठातून येल लॉ स्कूलला पोहोचले. सिनेटर एलिझाबेथ वॉरन ह्यूस्टन विद्यापीठातून रटगर्स लॉ स्कूलला गेल्या आणि पुढे हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये प्राध्यापक झाल्या.

आणि पुण्याच्या किंवा मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन अमेरिकेत जे.डी.साठी अर्ज करणाऱ्या मुलीचं काय? आपल्याकडचे बहुतेक वकील तिकडे एक वर्षाच्या एलएल.एम.साठी जातात, पण जे.डी.ची वाट बंद नाही. तिची गुणपत्रिकाही न्यूटाउनला जाते. मात्र तिथे ६८ टक्क्यांचं ४.० च्या पट्टीवर रूपांतर होत नाही. परदेशी शिक्षणपद्धतींचे जाणकार ती तपासतात आणि एक शेरा देतात: सुपीरियर, अबव्ह ॲव्हरेज, ॲव्हरेज किंवा बिलो ॲव्हरेज. मुंबई विद्यापीठात ६८ टक्के म्हणजे काय, तिथे नव्वद टक्के सहसा का मिळत नाहीत, हे त्या जाणकारांना ठाऊक असतं. जीपीएचा आकडाच नसल्यामुळे ती लॉ स्कूलच्या जीपीए मध्यकात मोजली जात नाही, ना वर, ना खाली. मोजली जाते ती तिची एलसॅट. त्यामुळे तिच्या अर्जात त्या एका परीक्षेचं वजन अमेरिकन मुलीपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि फर्ग्युसन किंवा झेवियर्स हे नाव न ऐकलेल्या वाचकापुढे तिचं कॉलेज काय होतं हे तिची शिफारसपत्रं आणि तिचा निबंध यांनाच सांगावं लागतं. ती अर्जाची तयारी करत असेल, तर तिने सगळ्यांत जास्त महिने एलसॅटला द्यावेत, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या सरांना किंवा मॅडमना तिचा वर्गातला क्रमांक आणि त्या वर्षी विद्यापीठात पहिला वर्ग किती जणांना मिळाला, हे पत्रात आवर्जून लिहायला सांगावं.